वाटी परत करायची राहिली...

परवा ऑफिसात जेवणाच्या टेबलावर आमच्या टीममधल्या एका नव्या पोराने कबुलीजबाब दिला. त्याची आई रोज रात्री नागपूरहून फोन करते, "काय जेवलास?" असं विचारते आणि हा रोज न चुकता "वरण-भात आणि कोबीची भाजी" असं सांगतो. प्रत्यक्षात समोर मागवलेल्या बिर्याणीचा डबा असतो. "आईला बरं वाटतं हो," तो म्हणाला. सगळे खो खो हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा. कारण आमच्या घरात हाच खेळ झाला होता, फक्त उलट्या दिशेने. खोटं आई सांगत होती आणि बरं मला वाटत होतं.

हे नीट सांगायचं तर तुम्हाला आधी ठाण्याला, खोपटला न्यायला हवं.

माझं लहानपण खोपटच्या एका चाळीत गेलं. एकीकडे एसटी स्टँड, दुसरीकडे सिद्धेश्वर तलाव आणि मध्ये आमची एकमजली चाळ. वरच्या मजल्यावर बारा खोल्या आणि बारा खोल्यांसमोरून जाणारी एकच लांबलचक गॅलरी. रात्री उशिरापर्यंत गाड्या डेपोत शिरायच्या, त्यांच्या ब्रेकचा आवाज ऐकला की आम्ही कुस बदलून झोपायचो. ज्यांना शांततेत झोप लागते त्यांचं मला अजूनही कौतुक वाटतं.

संध्याकाळी साडेसात वाजले की गॅलरीत एक प्रश्न फिरायला लागायचा. "आज काय केलंय?" उत्तराची तशी गरज नसायची, कारण वासाने अर्धं काम केलेलं असायचं. पण विचारायचं. आणि उत्तर मिळालं की पाच-दहा मिनिटांत एक वाटी निघायची, वर झाकायला ताटली. वाटी पोचवायचं काम पोरांकडे. म्हणजे माझ्याकडे. आज मी नेटवर्किंगमध्ये काम करतो, पण पॅकेट म्हणून माझा अनुभव त्याच्याही आधीचा आहे :)

आम्ही सीकेपी. त्यामुळे आमच्याकडून निघायचं ते वालाचं बिरडं, आणि श्रावण सोडून इतर वेळी सोड्याची खिचडी. कोपऱ्यातल्या खोलीत एसटीतले ड्रायव्हर काका आणि मावशी. कराडकडची माणसं. त्यांच्याकडून ज्वारीची भाकरी, खर्डा आणि पावसाळ्यात हुलग्याच्या शेंगोळ्या यायच्या. त्यांच्या शेजारी मालवणी कुटुंब, तिथली काळ्या वाटाण्याची आमटी. मधल्या खोलीत एक शाळामास्तरीण, सगळी चाळ त्यांना टीचर म्हणायची. त्यांचं आळूचं फतफतं असं असायचं की मी ते पोचवण्याआधी जिन्यात एक बोट बुडवून घ्यायचो. (टीचर, तुम्ही हे वाचत असाल तर माफ करा. बोट बहुतेक वेळा स्वच्छ असायचं.) आणि एका खोलीत गुजराती बा. त्यांच्याकडून मला कळलं की गुजरातीत या सगळ्या प्रकाराला चक्क एक नाव आहे, 'वाटकी व्यवहार'. ज्यांच्याशी आपला वाटकी व्यवहार आहे ते खरे शेजारी.

या व्यवहाराचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. पहिला आणि सगळ्यात मोठा: वाटी रिकामी परत करायची नाही. काही नसेल तर चमचाभर साखर घालून द्यायची. दुसरा: लगेच त्याच रात्री परत करायची नाही, म्हणजे घाईघाईने उपकार फेडल्यासारखं दिसत नाही. तिसरा: कोणाचा कधी उपास, कोण कांदा-लसूण खात नाही, हे पोचवणाऱ्याने लक्षात ठेवायचं. मी एकदा चतुर्थीला अंड्याच्या रश्श्याची वाटी चुकीच्या दारात नेली होती. त्यानंतर आठवडाभर मला डिलिव्हरीवरून काढून टाकलं होतं.

आता हे वाचून 'किती छान दिवस होते ते' असं कुणी म्हणायच्या आत सांगतो. सगळं काही छान नव्हतं. बारा खोल्यांमध्ये एक खोली अशी होती की त्यांच्याकडून आलेली वाटी काहीजणी हसून घ्यायच्या आणि मागच्या बाजूला जाऊन मांजरीला घालायच्या. कारण काय ते तुम्ही ओळखलं असेल. तेव्हा मला कळत नव्हतं. त्या घरातल्या काकूंना मात्र कळत असणार, कारण हळूहळू त्यांच्या वाट्या यायच्या थांबल्या. कुणीही काही बोललं नाही. आणि दुसरं म्हणजे, या बारा खोल्यांतला प्रत्येक स्वयंपाक बायकांनीच केलेला असायचा. त्यातल्या चार-पाचजणी दिवसभर नोकरी करून, लोकलमध्ये लटकून आलेल्या असायच्या. पुरुषमंडळींचं योगदान म्हणजे "मीठ जरा पुढे गेलंय का गं?" एवढंच. असो.

वाटी या वस्तूवर माझा फार जीव आहे, त्याचं आणखी एक कारण आहे. आईकडे 'रुचिरा' होतं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि त्याच्या लाखावर प्रती खपल्या. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या आयांकडे ते असेल, मधल्या पानांवर हळदीचे डाग पडलेलं. मी इंजिनिअरिंगला असताना सुट्टीत सहज चाळलं तेव्हा मला त्यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटली ती मापांची. त्यात प्रमाण वाटी आणि चमच्यात दिलंय. तोपर्यंत घराघरातलं माप म्हणजे 'अंदाजे', नाहीतर 'तुला कळेलच'. सांगलीकडच्या एका गृहिणीने ते वाटीत बसवलं. मग मुलगी लग्न होऊन इंदूरला जाऊ दे नाहीतर न्यू जर्सीला, वाटी तर तिच्याकडे असतेच. वाटी लहान-मोठी असेना का, एकाच वाटीने सगळं मोजलं की गुणोत्तर बरोबर येतं. याला मी डिझाइन म्हणतो. जी वाटी शेजारी पदार्थ पोचवते, तीच वाटी तो पदार्थ कसा करायचा तेही पोचवते.

तर अशी आमची चाळ. २००६ मध्ये ती पाडली. तीन वर्षं आम्ही डोंबिवलीत भाड्याने राहिलो आणि २००९ मध्ये त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या सात मजली इमारतीत परत आलो. मूळ भाडेकरूंना सगळ्यांना तिथेच घरं मिळाली. आई-बाबा सहाव्या मजल्यावर, ड्रायव्हर काका आणि मावशी तिसऱ्या, टीचर पहिल्या. स्वतःचा संडास, चोवीस तास पाणी, लिफ्ट. आईला इतकं आनंदात मी क्वचितच पाहिलं होतं. चाळ पडली म्हणून गळे काढणाऱ्यांनी सकाळी सहाला सामायिक संडासाच्या रांगेत बादली घेऊन उभं राहून बघावं, असं ती आजही म्हणते आणि ते अगदी खरं आहे.

पण एक गोष्ट झाली, आणि ती कुणाच्या लक्षातही आली नाही. माणसं तीच होती, गॅलरी गेली होती. "आज काय केलंय?" हा प्रश्न दारात उभं राहून विचारता यायचा तोवर ठीक होतं. त्यासाठी लिफ्टने तीन मजले उतरून, बेल वाजवून, बंद दार उघडायला लावायचं म्हणजे ती 'भेट' होते. भेटीला कारण लागतं. मग हळदीकुंकू, गणपती, बारसं एवढ्यापुरतं जाणं-येणं उरलं. कोणी भांडलं नाही, कोणी काही ठरवलं नाही. वाट्या थांबल्या.

मी तोवर पुण्याला नोकरीत अडकलो होतो. बाबा २०१८ मध्ये, दिवाळीनंतर गेले. आईला पुण्याला चल म्हटलं, तर ती म्हणाली, "तिथे मी दिवसभर करू काय? तुमच्या टीव्हीचा रिमोटसुद्धा मला कळत नाही." मग असं ठरलं की मी रोज रात्री साडेआठला फोन करायचा. पहिला प्रश्न ठरलेला: काय केलंस आज जेवायला? आणि उत्तरंही छान असायची. कधी दोडक्याची भाजी, कधी पिठलं-भात, कधी भरली वांगी. मी निश्चिंत.

२०१९ च्या श्रावणातला एक शुक्रवार. आमचं एक रिलीज पुढे ढकललं गेलं, अचानक मोकळा वीकेंड मिळाला. बायको-मुलगा तिच्या माहेरी गेलेले. म्हटलं आईला सरप्राइज देऊ. दुपारची एसटी पकडली. एक्स्प्रेसवेवर पाऊस आणि नेहमीचं ट्रॅफिक. साडेआठ वाजले तेव्हा गाडी अजून ऐरोलीच्या आसपास होती. फोन केला. "काय केलंस आज?" "दोडक्याची भाजी, पोळी आणि मुगाची खिचडी टाकलीये जराशी." मला जाम भूक लागली होती. खिचडीचं ऐकून बरं वाटलं.

सव्वानऊला घरी पोचलो. आईने दार उघडलं, आनंदाने रडलीच. मी हातपाय धुतले आणि सरळ स्वयंपाकघरात गेलो. गॅसवर काही नव्हतं. ओटा कोरडा. फ्रिजमध्ये दुधाचं पातेलं, अर्धा ब्रेडचा पुडा, झाकलेला थोडा भात आणि एक सुकलेलं लिंबू. भाजीच्या ट्रेमध्ये फक्त मिरच्या. दोडका नव्हता. दोडक्याची सालंसुद्धा नव्हती.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. मग ती म्हणाली, "एकटीसाठी काय करायचं रे? दूध-भात खाते. पोट भरतं."

"किती दिवस?"

ती काही बोलली नाही. बाबांना जाऊन नऊ महिने झाले होते.

माझ्या कामात 'हेल्थ चेक' नावाचा प्रकार असतो. सर्व्हर जिवंत आहे का, हे दर मिनिटाला विचारायचं. नवशिके लोक एक चूक करतात. हेल्थ चेकचं उत्तर असं लिहून ठेवतात की आत काहीही जळत असलं तरी ते 'ओके' म्हणणार. मी ज्युनिअर पोरांना यावर लेक्चर देतो. आणि नऊ महिने मी स्वतः रोज रात्री साडेआठला तेच ऐकत होतो. ओके. ओके. ओके.

त्या रात्री मी चिडलो. चिडायला नको होतं, पण चिडलो. डबा लावू म्हटलं, नको म्हणाली. पोळी-भाजी केंद्रातून आणत जा म्हटलं. ठाण्यात काय, दर चौकात एक केंद्र आहे. "एका पोळीसाठी जिने कोण उतरेल," असं म्हणाली. (लिफ्ट आहे, हे मी म्हटलं नाही.) शेवटी मीच काहीतरी करतो म्हणून डाळ-तांदूळ शोधायला वरच्या कपाटात हात घातला, आणि मागून एक जुनी पिशवी खाली आली. खळ्ळकन आवाज झाला. आतून वाट्या निघाल्या. नऊ.

तुम्हाला माहीत असेलच, पूर्वी स्टीलचं भांडं घेतलं की दुकानदार छोट्या मशीनने त्यावर नाव घालून द्यायचा. या नऊ वाट्यांवर आमचं नाव नव्हतं. चाळ सोडताना घाईघाईत बांधलेल्या सामानात इतरांच्या वाट्या आमच्याकडे राहिल्या होत्या. आमच्या अर्थातच दुसऱ्यांकडे राहिल्या असणार. आई खाली बसली, चष्मा लावला आणि एकेक वाटी दिव्यासमोर धरून वाचायला लागली. ही टीचरची. ही बांची, त्या तर आता सुरतेला असतात. ही कोपऱ्यातल्या मावशींची, त्यांच्या लग्नातली, तारीखसुद्धा आहे बघ. एक वाटी तिने बराच वेळ हातात धरली. ती त्या खोलीतली होती, जिथल्या वाट्या यायच्या थांबल्या होत्या.

"अगंबाई, तेरा वर्षं झाली, परत करायच्या राहिल्याच," ती म्हणाली.

मी म्हटलं, "दे इकडे, मावशींची वाटी मी आत्ता खाली देऊन येतो."

त्यावर आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चपला घालून देवघरात शिरलोय. "रिकामी?"

आणि मग मंडळी, जी बाई नऊ महिने स्वतःसाठी कुकर लावत नव्हती, ती रात्री साडेदहा वाजता उठली, तळाच्या डब्यातून कडवे वाल काढले, निवडले आणि भिजत घातले. श्रावण आहे, बिरडंच द्यायला हवं म्हणाली. आम्ही दोघांनी दूध-भात खाल्ला. चांगला लागला, खोटं कशाला सांगू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बिरडं हा घाईचा पदार्थ नाही. रात्री वाल भिजवायचे. सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधून ठेवायचे. दिवसभरात मोड येतात. दुसऱ्या दिवशी ते कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक सोलायचा. अंगठा आणि तर्जनीत धरून जरा दाबलं की साल हातात राहते आणि डाळिंबी सुळकन बाहेर येते. रविवारी सकाळी आम्ही दोघं परात मध्ये घेऊन सोलायला बसलो होतो. तासभर तरी लागला. त्या तासात ती बाबांबद्दल पहिल्यांदा नीट बोलली. शेवटचे आठ दिवस त्यांना काही गिळवत नव्हतं आणि ती रोज काहीतरी करून समोर ठेवत होती, ते तसंच परत येत होतं. "मग करण्यातलं मनच गेलं रे," एवढंच म्हणाली आणि सोलत राहिली. हे मला फोनवर कधीच कळलं नसतं.

मग कांदा, हिंग-हळदीची फोडणी, डाळिंब्या, नारळाचं दूध, आमसुलं, गुळाचा खडा. ढवळायचं जपून, नाहीतर डाळिंब्या मोडतात. दुपारी बारा वाजता मी तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. वयाच्या पस्तिशीत, हातात वाटी, वर ताटली. मावशींनी दार उघडलं, वाटी बघितली, उलटी न करता खालून वाकून नाव वाचलं आणि एकदम आत हाक मारली, "अवो, बगा तरी काय आलंय!"

दोन दिवसांनी साडेआठच्या फोनवर मी विचारलं, "काय केलंस?" आई म्हणाली, "आज मी काहीच केलं नाही. मावशींकडून शेंगोळ्या आल्यात." नऊ महिन्यांतलं पहिलं खरं उत्तर असावं ते.

बाकीच्या वाट्याही यथावकाश गेल्या. त्या काकूंची वाटी आई स्वतः घेऊन गेली, पाचव्या मजल्यावर, कानवले घेऊन. तिथे काय बोलणं झालं ते मला तिने सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. महिन्याभराने तिथून तांदळाच्या भाकऱ्या आल्या, एवढं मला माहीत आहे.

पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. २५ मार्च २०२०. मी पुण्यात, आई ठाण्यात, जिल्हा ओलांडायला पास लागायचा. पहिले पंधरा दिवस सगळे घाबरून घरात होते, वाट्याही बंद. मग त्यांनीच पद्धत काढली: दाराबाहेर स्टुलावर भांडं ठेवायचं, बेल वाजवायची आणि जिन्याच्या वळणापर्यंत मागे जायचं. आतल्याने आपल्या भांड्यात ओतून घ्यायचं आणि वळणावर उभ्या असलेल्या बाईशी तिथूनच गप्पा मारायच्या. गॅलरी परत आली होती म्हणा ना, फक्त उभी. मी ठाण्याला पोचलो तो थेट सप्टेंबरात, ई-पासची अट गेल्यावर. त्या सहा महिन्यांत आई एकटी होती, पण एकटीसाठी शिजवत नव्हती. पिशवी पडली नसती तर ते सहा महिने कसे गेले असते, याचा विचार मी फारसा करत नाही.

जपानीतही म्हणे अशा वाटून खाण्याला शब्द आहे, ओसुसोवाके. आपल्याकडे सगळ्यात जवळचा शब्द बहुधा 'थोडंसं आणलंय' हाच असावा.

असो. नागपूरच्या त्या पोराला मी उपदेश वगैरे काही केला नाही. तेवढा म्हातारा मी अजून झालेलो नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात एक वाटी जास्तीची नेली, आई सध्या आमच्याकडे आलेली आहे, तिच्या हातचं बिरडं. त्याने बोटं चाटून खाल्लं. काल त्याने वाटी परत दिली. स्वच्छ घासलेली, चकचकीत आणि रिकामी.

त्याला बिचाऱ्याला नियम माहीत नव्हता. मी सांगितला. "पण सर, मला काहीच करता येत नाही," म्हणाला. म्हटलं आईला फोन कर, कोबीची भाजी कशी करतात ते विचार.

वाटी परत त्याच्याकडेच आहे. सोमवारी काय येतंय बघू :)